आवाज अजिबात नको

मित्रांनो, मी एक संगणक आहे. आता तसा जुनाच म्हणायचा. आकाराने बुटांच्या खोक्याहून थोडासा मोठा, रंगाने काळा, आणि अंगावर एक बारीकसा पांढरा दिवा. तो दिवा लागलेला दिसला की मी चालू आहे असं समजायचं. दुसरी काही खूण नाही, कारण मी आवाज करत नाही. आवाज करू नये, एवढ्याचसाठी मला जन्माला घातलं गेलं.

खोक्यात बसून येणाऱ्या तयार संगणकांना एक कारखाना असतो. माझं तसं नाही. माझा एकेक भाग निवडून, पारखून, काही वेळा परत करून पुन्हा आणला गेला, आणि नाशिकला पंचवटीत, हिरावाडीच्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर मला जोडलं गेलं. जोडणाऱ्यांचं नाव वेणीमाधवराव.

वेणीमाधवरावांचं घराणं भिक्षुकीचं. त्यांचे थोरले भाऊ रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगत. हे मात्र तरुणपणीच सातपूरच्या एका कारखान्यात लागले. आधी बरीच वर्षं पत्रे ठोकून दाबणाऱ्या मोठमोठ्या यंत्रांच्या खात्यात, आणि मग ड्रॉइंग ऑफिसात. निवृत्त झाल्यावरही त्यांचा हात स्वस्थ बसेना. अंबडच्या लहान वर्कशॉपना ते यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं संगणकावर काढून देत.

माझ्याआधी या कामासाठी त्यांच्याकडे एक मोठा संगणक होता. गुडघ्याएवढा उंच. तो मागच्या खोलीत असे आणि त्याच्या पंख्यांची घरघर जिन्यापर्यंत ऐकू येई. शेजारच्या संध्यावहिनी थट्टेने विचारायच्या, "काय हो भाऊ, घरात गिरणी घातली की काय?" वेणीमाधवराव हसायचे. त्यांना त्या घरघरीचा कधीच त्रास झाला नव्हता. का झाला नव्हता, हे तेव्हा कुणी त्यांना विचारलं नाही.

यानंतर जे घडलं ते मी पाहिलेलं नाही. माझा तेव्हा जन्म व्हायचा होता. पण या घरात ते इतक्या वेळा, इतक्या दबक्या आवाजात बोललं गेलं आहे, की मला ते पाहिल्यासारखंच वाटतं.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. वेणीमाधवरावांच्या पत्नी गोदावरीबाई न्हाणीघरात पडदे भिजवत होत्या. साबणाच्या पाण्यावरून त्यांचा पाय सटकला आणि त्या कुशीवर आपटल्या. उठायला गेल्या तर कमरेपासून कळ आली. दार नुसतं लोटलेलं होतं. वेणीमाधवराव मागच्या खोलीत, म्हणजे मध्ये जेमतेम एक भिंत. त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. मग मारतच राहिल्या.

ती हाक ऐकली कुणी, तर शेजारच्या संध्यावहिनींनी. त्यांनी धावत येऊन घंटा वाजवली. बाहेरचं दार कुणी उघडेना. शेवटी त्यांनी फोन लावला, आणि वेणीमाधवरावांच्या सदऱ्याच्या खिशात फोन थरथरला, तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

"भाऊ, आधी दार उघडा!" वहिनी फोनवर ओरडल्या. "गोदावहिनी आत हाका मारताहेत!"

गोदावरीबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. दिवाळी दवाखान्यात गेली. त्या घरी आल्या त्या पलंगावरच. पुढे हळूहळू वॉकर धरून चार पावलं टाकू लागल्या.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वेणीमाधवराव एकच सांगत. "त्या डब्याने घात केला. त्याच्या घरघरीत मला काही ऐकूच आलं नाही." सांगताना ते समोरच्याकडे पाहत नसत. चहाचा कप हातात धरून कपातच पाहत असत. पूर्वी चहा गोदावरीबाई करायच्या, आता ते करत. साखर कधी जास्त, कधी मुळीच नाही. गोदावरीबाई तो निमूट पीत, आणि त्या काही बोलत नाहीत याचाच त्यांना जास्त त्रास होई.

एक दिवस त्यांनी तो मोठा संगणक उचलला आणि खाली मीटरच्या खोलीत नेऊन ठेवला. बिचाऱ्यावर सगळा आळ आला होता. त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं.

"आता मागच्या खोलीत मी बसणार नाही," त्यांनी मुलीला, तेजश्रीला सांगितलं. तेजश्री इंदिरानगरला राहते, आणि तेव्हा रोज संध्याकाळी आईसाठी येत असे. "इथे, हिच्या दाराशी बसणार. खिडकी आणि कपाट यांच्या मधे जागा आहे. तिथे मावेल एवढाच संगणक करायचा. आणि आवाज अजिबात नको."

"बाबा, छोटे संगणक तयार मिळतात. उद्या आणून देते."

"तयारात आत काय कोंबलंय ते कुणाला माहीत? मला एकेक वस्तू बघून घ्यायची आहे."

तेजश्री हळूच म्हणाली, "त्यापेक्षा एकदा कान तपासून..."

"कानाचं काढू नकोस," वेणीमाधवराव ताडकन म्हणाले. "कान ठणठणीत आहेत माझे. समोर बसून बोलतेस ते ऐकू येतंय ना?"

समोर बसून बोललेलं त्यांना ऐकू येई, हे खरं होतं. बोलणाऱ्याच्या ओठांकडे ते किती लक्ष देऊन पाहतात हे मात्र त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. कारखान्याच्या डॉक्टरांनी फार पूर्वी सांगून ठेवलं होतं, यंत्रांच्या दणदणाटाने कान गेलेत, कानाचं यंत्र लावा. तेजश्रीने एकदा धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलंही होतं. तर हे अर्ध्यातून उठून आले. कानात यंत्र लावलं की माणूस म्हातारा झाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

तर अशी माझी निवड सुरू झाली.

खिडकी आणि कपाट यांच्यामधली जागा त्यांनी मोजली आणि कागदावर आधी मी कसा दिसेन ते काढलं. मी कागदावर होतो तेव्हाच फार देखणा होतो, असं तेजश्री म्हणते. मग ते एम. जी. रोडच्या एका गाळ्यात गेले. तिथे महेश नावाचा दुकानदार होता. त्याने उत्साहाने एक खोकं पुढे केलं.

"काका, ड्रॉइंगचं काम आहे ना? मग हे ग्राफिक्स कार्ड घ्याच. एक नंबर चालेल."

"त्याला पंखे किती?"

"तीन."

"नको."

"अहो काका, गरम होणार म्हणून पंखे असतात. त्याशिवाय..."

"मग गरमच होणार नाही असं दे. माझी ड्रॉइंगं साधी आहेत. नट, बोल्ट, ब्रॅकेट. मला वेग नको, शांतता हवी."

महेशने त्यांच्याकडे नीट पाहिलं. काका नेहमीच्या गिऱ्हाइकांसारखे नाहीत, एवढं त्याला कळलं असावं. त्याने कार्ड मागे ठेवलं आणि कमी वीज खाणारा, कमी तापणारा प्रोसेसर काढला. चित्र दाखवण्याचं काम तोच करत होता, वेगळ्या कार्डाची गरज नव्हती. माहिती साठवायला फिरणारी हार्ड डिस्क वेणीमाधवरावांनी हातातही घेतली नाही. "फिरणारं जेवढं कमी तेवढं बरं," असं म्हणून त्यांनी एसएसडी घेतली. ती बिस्किटाएवढी पट्टी असते, तिच्या आत काहीच हलत नाही. सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्डही लहान घेतला, त्यावर दोन रॅम बसतील एवढीच जागा.

खरा घोळ झाला पंख्याचा. लहान खोक्यात लहान पंखा मावतो, पण लहान पंख्याला भराभर फिरावं लागतं, म्हणून तो किंचाळतो. मोठा पंखा सावकाश फिरतो आणि तेवढीच हवा खेळवतो, पण तो मावत नाही. म्हणजे मला एक तर लहान व्हायचं होतं, नाही तर गप्प. वेणीमाधवरावांना दोन्ही हवं होतं. त्यांनी हौसेने प्रोसेसर थंड ठेवणारा एक मोठा, उंच कूलर मागवला. घरी आणून प्रोसेसरवर बसवला, आणि माझं झाकण लावायला गेले तर ते बोटभर वर राहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकीच्या मापांवर लाल पेन्सिल फिरवणारा माणूस स्वतःच उंची पाहायला विसरला होता.

"होतं हो असं," आतून गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांना ते पलंगावरून दिसत होतं.

वेणीमाधवरावांचं लक्ष नव्हतं. ते झाकण दाबत म्हणत होते, "एवढंही नीट जमत नाही मला. एवढंही."

ते फक्त झाकणाबद्दल बोलत नव्हते, हे समजायला फार हुशारी लागत नाही.

शेवटी त्यांनी बसका, रुंद कूलर आणला आणि खोक्याच्या वरच्या अंगाला जाळी कापून एक मोठा, संथ पंखा बसवला. स्क्रूच्या खाली रबराच्या चकत्या घातल्या, म्हणजे पंख्याची थरथर पत्र्यापर्यंत पोचू नये. वीज पुरवणारा भाग, ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात, तो असा निवडला की काम हलकं असेपर्यंत त्याचा पंखा फिरणारच नाही.

सगळं जोडून त्यांनी मला पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा तेजश्री शेजारी उभी होती. माझा पांढरा दिवा लागला. वेणीमाधवरावांनी वाकून कान लावला. त्यांचा चेहरा उजळला.

"बघ! काही आहे का आवाज?"

तेजश्रीने कपाळाला आठ्या घातल्या. "बाबा, आहे की. बारीक चिरचिर."

"कुठे?"

आतून गोदावरीबाई म्हणाल्या, "अगं तेजू, रातकिडा शिरलाय का घरात?"

तो माझ्या एसएमपीएसचा आवाज होता. पंख्याचा नव्हे, आतल्या तारांच्या गुंडाळीतून वीज जाताना उठणारा, सुईसारखा बारीक. मित्रांनो, तो आवाज पलंगावरच्या बाईला ऐकू आला, उभ्या असलेल्या मुलीला ऐकू आला, आणि ज्याने माझ्या अंगाला कान टेकवला होता त्याला ऐकू आला नाही.

तेजश्रीने आईकडे पाहिलं. आईने डोळ्यांनीच तिला नको म्हटलं.

"असेल, असेल," वेणीमाधवराव घाईने म्हणाले. "दुकानात बदलून आणतो. खराब निघाला असेल." आणि त्यांनी स्क्रू काढायला घेतले.

महेशने तो भाग कुरकुर न करता बदलून दिला. दुसरा आणला तो खरंच मुका होता. पण या वेळी वेणीमाधवरावांनी कान लावला नाही. तळहात माझ्या अंगावर ठेवला आणि तेजश्रीला विचारलं, "आता?"

"आता काही नाही, बाबा. अगदी शांत."

माझ्या आयुष्यातले ते कौतुकाचे दिवस होते. मी खिडकीशेजारच्या कोनाड्यात बसलो. मागे उन्हाची तिरीप, समोर वेणीमाधवराव, आणि डाव्या हाताला गोदावरीबाईंच्या खोलीचं उघडं दार. आलेला पाहुणा मला पाहून विचारी, "चालू आहे का बंद?" संध्यावहिनींनी तर माझ्या अंगावर हात ठेवून पाहिला आणि म्हणाल्या, "देवघरातल्या देवासारखा बसलाय हो!" वेणीमाधवराव सगळ्यांना माझं झाकण काढून दाखवत, पंखा कसा मोठा, चकत्या कशा रबराच्या, सगळं समजावून सांगत. सांगून झालं की न विसरता म्हणत, "आता हिने नुसतं हूं केलं तरी मला ऐकू येईल."

मला तेव्हा अभिमान वाटे. पण त्या वाक्यात काहीतरी चुकतंय, हेही मला जाणवत होतं. मला ज्या कामासाठी घडवलं होतं ते काम मला जमणारच नव्हतं. मी फक्त माझा आवाज बंद ठेवू शकत होतो. दुसऱ्याचे कान उघडणं माझ्या हातात नव्हतं.

एका दुपारची गोष्ट. घरात दोघंच होती. वेणीमाधवराव एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग काढत होते. गोदावरीबाईंना तहान लागली असावी. उशाशी भांडं होतं ते रिकामं होतं.

"अहो," त्यांनी हाक मारली.

वेणीमाधवरावांनी माउस हलवला. पडद्यावर एक रेघ उमटली.

"अहो, ऐकलं का? थोडं पाणी द्या."

मी गप्प होतो. पंखा इतका सावकाश फिरत होता की खिडकीतल्या जाळीवरचं कोळ्याचं जाळंही हललं नसतं. रस्त्यावरही दुपारची सामसूम होती. त्या शांततेत गोदावरीबाईंची हाक मोठी होत गेली. "अहो! अहो!" हाकेत आधी नेहमीची सवय होती, मग थोडा राग आला, आणि मग त्यातून राग निघून गेला. शेवटच्या हाका त्यांनी मारल्या त्या पाण्यासाठी नव्हत्या. यांना ऐकू जातं का, एवढंच गोदावरीबाई पाहत होत्या.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो. माझे सगळे पंखे फिरवून, पत्रा खडखडवून, त्या जुन्या संगणकासारखा कल्लोळ केला असता. पण मला तसं घडवलंच नव्हतं.

गोदावरीबाई वॉकर धरून उठल्या. कशाबशा दारापर्यंत आल्या आणि नवऱ्याच्या पाठीमागे उभ्या राहिल्या. त्या पाठीकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला नीट सांगता येणार नाही. लहान मूल झोपेत चालताना आईने पाहावं, तसं काहीसं. मग त्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

वेणीमाधवराव दचकून उठले. "अगं! उठलीस कशाला? हाक मारायची ना!"

"नाही मारली," गोदावरीबाई म्हणाल्या. "म्हटलं, आपणच उठून पाहावं जमतंय का."

"अशी एकटी उठू नकोस पुन्हा. मी इथेच बसलोय ना? नुसतं हूं म्हण."

"बरं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली आणि एरवी संध्याकाळी येणारी तेजश्री आत आली. तिला धाप लागली होती. हातातली भाजीची पिशवी तिने तशीच खाली टाकली.

"काय झालं आईला? बाबा, ती केव्हाची हाका मारतेय! मला खाली फाटकाशी ऐकू येत होतं. मी जिना पळत चढले!"

गोदावरीबाईंनी डोळे मिटून घेतले.

वेणीमाधवराव वळले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. ती सवय होती. "हा..." ते म्हणाले, आणि तिथेच थांबले.

मी चालू होतो. माझा पांढरा दिवा लागलेला होता. मी काहीही आवाज करत नव्हतो. तसा मी त्यांनीच मला केला होता, एकेक भाग पारखून. ज्याच्यावर दोष टाकावा असं आता त्या घरात काही उरलं नव्हतं. त्यांचं बोट तसंच माझ्यासमोर राहिलं, मग खाली आलं. त्या क्षणी मला माझ्या शांतपणाची लाज वाटली. त्यांच्या आधाराची शेवटची काठी मी काढून घेतली होती.

ते खुर्चीवर बसले. त्यांनी गोदावरीबाईंना विचारलं, "त्या दिवशी... किती वेळ हाका मारत होतीस?"

"जाऊ द्या ना."

"नाही. सांग."

"तुम्हाला त्रास होईल असं काही मी सांगणार नाही."

"गोदा, सांग मला."

ते तिला नावाने क्वचितच हाक मारत. तेजश्रीने आईला पलंगावर बसवलं. गोदावरीबाईंनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"वेळ नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही गुणगुणत होतात. काम मनासारखं झालं की गुणगुणता ना, तसं. मला सगळं ऐकू येत होतं. त्या यंत्राची घरघर होती खरी, पण तिच्यातूनही येत होतं. मधेच गुणगुणणं थांबलं की मला वाटे, आता ऐकलं. आता येतील. मग पुन्हा सुरू व्हायचं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "नंतर नंतर मी हाक मारायची थांबले. म्हटलं, खुशीत आहेत."

वेणीमाधवराव रडले नाहीत. ते उठले, स्वयंपाकघरात गेले, पाण्याचा पेला भरून आणला आणि तिच्या हातात दिला. मग तिच्या पायांशी जमिनीवरच बसले. त्यांनी तिच्या दुखऱ्या पायावर हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला, जणू तो पाय धरण्याचा हक्क आपल्याला नाही.

"मला माहीत होतं," ते खाली पाहून म्हणाले. "तेव्हापासून माहीत होतं. संध्यावहिनींना भिंतीपलीकडून ऐकू आलं, घंटा वाजली तीही मला कळली नाही, एवढं न कळायला मी काही मूर्ख नाही. पण डब्याचं नाव घेतलं की तेवढा वेळ बरं वाटायचं." मग तेजश्रीकडे न पाहताच त्यांनी विचारलं, "तुझा तो कानाचा डॉक्टर अजून आहे का शरणपूर रोडला?"

तपासणी झाल्यावर तेजश्रीने आईला सांगितलं ते माझ्यासमोरच. काचेच्या खोलीत त्यांना बसवून कानांवर हेडफोन लावला होता. आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. वेणीमाधवराव बटणावर अंगठा ठेवून, शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले होते. बराच वेळ गेल्यावर ते नम्रपणे म्हणाले, "मॅडम, सुरू करा ना आता." तपासणाऱ्या बाईंनी तेजश्रीकडे पाहिलं. आवाज तर केव्हाचेच सुरू झाले होते.

सांगताना तेजश्री हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही.

यंत्रं आली. दोन्ही कानांमागे शेंगेएवढी बसली. पहिल्या दिवशी वेणीमाधवराव घरभर भांबावल्यासारखे फिरत होते. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर दचकले. नळाची धार ऐकून म्हणाले, "हा असा वाजतो?" बाहेर चिमण्या भांडत होत्या, त्यांच्याकडे खिडकीतून बराच वेळ पाहत राहिले. पूर्वी त्यांना चिमण्या दिसायच्या फक्त.

मग ते कामाला बसले. मला चालू केलं. थोड्याच वेळात त्यांचा हात थांबला. त्यांनी मान तिरकी केली.

"खस्स..."

ते माझ्याकडे वाकले.

"खस्स... खस्स..."

"म्हणजे हा वाजतोच आहे," ते स्वतःशीच पुटपुटले. "सगळ्यांनी माझं मन राखलं. पंखा घासतोय कुठेतरी." त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, माझं झाकण काढलं. आत वाकून पाहिलं. वरच्या पंख्यावर बोट टेकवून तो थांबवला.

"खस्स..."

कूलरचा पंखा थांबवला.

"खस्स... खस्स..."

शेवटी त्यांनी मला बंदच केलं. माझा दिवा गेला. आता माझ्या अंगात काहीही फिरत नव्हतं.

आवाज येतच होता. संथ, फरशीवरून काहीतरी ओढल्यासारखा. वेणीमाधवरावांनी हळूहळू मान वळवली. गोदावरीबाई वॉकर धरून स्वयंपाकघराकडून येत होत्या. उजवा पाय उचलून टाकत होत्या. डावा उचलला जात नव्हता, तो त्या मागून ओढून आणत होत्या.

खस्स.

तो पाय असा ओढला जातो हे त्यांनी पाहिलं नव्हतं असं नाही. पण पाहताना ते नेहमी नजर दुसरीकडे वळवत. ऐकण्यापासून मात्र आता कुठे वळायला जागा नव्हती.

"काय हो, बिघडला का?" उघड्या झाकणाकडे पाहत गोदावरीबाईंनी विचारलं.

"नाही," वेणीमाधवराव म्हणाले. "तो बरोबर आहे." आणि मग, "तू रोज अशीच चालतेस?"

"तर काय. बरी आहे की आता. ती व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणते, पाय उचलून टाका. पण एकटीने कंटाळा येतो हो, विसरायला होतं."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या उघड्या पोटातच टाकला आणि उठले. तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. "चल," ते म्हणाले. "खिडकीपर्यंत जाऊ आणि परत येऊ. आवाज आला की मी सांगीन. मग उचलायचा."

"आत्ता? तुमचं ड्रॉइंग?"

"राहू दे."

दोघं निघाली. "आला," वेणीमाधवराव म्हणाले. दोन पावलं गेली. "आला पुन्हा." गोदावरीबाई चिडून म्हणाल्या, "इतके दिवस काही ऐकू येत नव्हतं ते बरं होतं!" आणि दोघंही, त्या दिवाळीनंतर पहिल्यांदाच, एकाच वेळी हसली. वेणीमाधवरावांचं हसू मधेच मोडलं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, आणि पुन्हा तिचं कोपर धरलं.

तो पाय पूर्ण बरा काही झाला नाही. काही गोष्टी होत नाहीत. वेणीमाधवरावांचं गुणगुणणंही तेव्हा जे थांबलं ते थांबलंच. काम कितीही मनासारखं झालं तरी ते ओठ मिटून बसतात. पण रोज चालणं होतं. मी कोनाड्यात बसून ते पाहतो. या काळात माझ्यावर धूळ साचली, माझ्याहून हुशार, माझ्याहून लहान संगणक बाजारात आले. तेजश्री म्हणते, "बाबा, आता नवा घ्या." ते म्हणतात, "चाललंय ना, चालू दे."

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणी ना कुणी असेल. त्याला जपा. त्याच्या जाळीतली धूळ अधूनमधून मऊ ब्रशने काढा, त्याची हवेची वाट बंद होईल असं काही त्याला चिकटवून ठेवू नका. आणि काम करत बसला असताना आतल्या खोलीतून कुणी हाक मारली, तर "आलो, एवढं संपवतो" म्हणू नका. मला अर्ध्यात सोडून उठलात तर माझं काही बिघडत नाही. पडद्यावर अर्धी राहिलेली रेघ कुठे जात नाही. तुम्ही परत येईपर्यंत मी ती तशीच धरून ठेवतो.